डच बाईंकडे माझं नको-नको

माझ्या आयुष्यातले सर्वांत जास्त उकडलेले बटाटे मी जयपुरात खाल्ले. सी-स्कीममधल्या एका बंगल्यात, दर बुधवारी, संध्याकाळी सहा वाजता. सहा म्हणजे सहा. ज्या गावात सहाला भाजीवाला हातगाडी घेऊन नुकता गल्लीत शिरलेला असतो आणि रात्री काय करायचं याचा विचारही कुणाच्या डोक्यात नसतो, त्या गावात एक गोरी बाई अंगणात ऊन असताना काटे-चमचे मांडून बसायची आणि त्याला रात्रीचं जेवण म्हणायची. दिवा लावायच्या आत आमची तोंडं पुसून झालेली असत.

स्वातंत्र्याला दहा-अकरा वर्षं झाली होती. मी सव्वीस वर्षांची, सांगलीकडची, मुलींच्या एका कॉलेजात गृहविज्ञानाची लेक्चरर. म्हणजे ज्या मुली घरी आईच्या हाताखाली उत्तम दाल-बाटी करत होत्या, त्यांना डाळीत प्रथिनं किती असतात ते मी फळ्यावर लिहून दाखवत असे. राहायला बनीपार्कात, थोरल्या भावाकडे. दादा केंद्र सरकारच्या नोकरीत, बदलीवर आलेला. तो घरात असून नसल्यासारखा. घर चालवायची वहिनी. वहिनी मनानं फार चांगली. चांगल्या माणसांपासून स्वतःला वाचवणं किती अवघड असतं हे मला तिच्यामुळे कळलं. वर्षाच्या आत मला उजवायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं. दर पंधरा दिवसांनी पोस्टानं एखादं स्थळ येई. उज्जैनचा डॉक्टर, ग्वाल्हेरचा वकील, असे फोटो ती माझ्या पुस्तकात खुणेसाठी घालून ठेवत असे.

डच बाई आमच्या कॉलेजात दोन वर्षांसाठी सल्लागार म्हणून आल्या होत्या. पन्नाशीच्या, उंच, एकट्या. सायकलवरून कॉलेजात येत, त्यामुळे निम्मं गाव त्यांना वेडं समजे आणि उरलेलं निम्मं रस्त्याच्या कडेला उभं राहून बघे. त्यांनी आल्या आल्या एक बातमी दिली: हॉलंडमध्ये एका संस्थेत आहारशास्त्राचा वर्षभराचा अभ्यासक्रम आहे, आमच्या कॉलेजातून एकीला पाठवता येईल, आणि कुणाला ते त्या स्वतः पत्र लिहून कळवणार. पात्र दोघीच होत्या. एक मी. दुसरी माझ्याच विभागातली, लहानपणी लाहोरहून आलेली, आदर्शनगरात राहणारी पंजाबी मुलगी. तिला मी इथे लाहोरवाली म्हणते. तिच्या तोंडावरही म्हणत असे.

मला जायचं होतं. हे इथेच स्वच्छ सांगून टाकते, कारण त्या काळात ते मी कुणालाच सांगितलं नाही. मला इतकं जायचं होतं की नकाशात हॉलंड बोटानं झाकून बघायची, बोटाखाली पूर्ण मावायचं. एक वर्ष कुणाची बहीण नाही, कुणाची नणंद नाही, कुणाची होणारी सून नाही. नुसती मी, पांढऱ्या कोटात, प्रयोगशाळेत. परत आले असते तर कॉलेजात निघणारा आहारशास्त्राचा नवा विभाग माझ्या हातात आला असता आणि मग उज्जैन-ग्वाल्हेरला मी माझ्या सवडीनं उत्तर दिलं असतं.

आता बटाट्यांचं. आधी कुठल्यातरी दुसऱ्या गावची एक बाई अशीच हॉलंडला गेली होती. तिला तिथलं अन्न गेलं नाही, आणि दोन महिन्यांत ती वाळून, रडत, स्वेटरसकट परत आली. बाईंनी त्यावरून धडा घेतला. "तुम्ही दोघी दर बुधवारी माझ्याकडे जेवायचं," त्यांनी फर्मान काढलं, "आम्ही खातो तसं, आम्ही खातो तेव्हा. फेब्रुवारीत मी ठरवीन." मी शाकाहारी आहे म्हणून मटण-मासे वगळायचं त्यांनी कबूल केलं. मी मनात म्हटलं, एवढंच ना? मराठी मास्तरणीच्या मुलीला अन्न जात नाही म्हणजे काय! लहानपणी कारल्याची भाजी न संपवता पानावरून उठायची आमची टाप नव्हती.

सुरुवात कॉफीनं झाली. कॉलेजातल्या त्यांच्या खोलीत, सकाळी साडेदहाला. त्यांनी पत्र्याचा एक डबा उघडला, आत बिस्किटं. डबा माझ्यापुढे धरला. मी अर्थातच म्हटलं, "नको नको." त्या म्हणाल्या, "बरं," आणि डबा लाहोरवालीपुढे धरला. तिनं एक घेतलं. मग त्यांनी स्वतः एक घेतलं, झाकण लावलं आणि डबा कपाटात ठेवला. मी बघतच राहिले.

ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे पहिलं 'नको' म्हणजे मी हावरट नाही. दुसरं 'नको' म्हणजे मी चांगल्या घरची आहे. तिसऱ्या 'नको'ला यजमानीण पदार्थ थेट ताटात टाकते, आणि आपण "अहो, किती हा आग्रह" म्हणत तो खातो. हे सगळं पाठांतरासारखं चालतं, कुणी चुकत नाही. राजस्थानातली मनुहार तर आमच्याहून कडक. तिथे पाहुण्याच्या तोंडात घास कोंबेपर्यंत मजल जाते. आणि इथे पहिल्याच 'नको'ला बाईंनी कपाटाला कडी लावली होती. माझं पुढचं दुसरं आणि तिसरं 'नको' घशातच राहिलं.

लाहोरवालीनं आपलं बिस्किट खाल्लं आणि कपाटाकडे बोट दाखवून विचारलं (बाई इंग्रजीतच बोलत, पण हिंदी त्यांना समजे), "एक और मिलेगा?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कॉफीबरोबर एकच."

"क्यों? गिनके रखे हैं?"

"हो," बाई म्हणाल्या. दोघी हसल्या. मला त्या दोघींची लाज वाटली. एक निर्लज्जपणे मागते, दुसरी निर्लज्जपणे नाही म्हणते, आणि वर हसतात.

बुधवार सुरू झाले. डच स्वयंपाकाचं मूळ तत्त्व मला पहिल्या महिन्यातच कळलं. ते असं, की भाजीला आपण भाजी आहोत याचा विसर पडेपर्यंत तिला उकडायचं. मग बटाटे उकडायचे. मग दोन्ही एकत्र कुटायचं. गाजर-कांदा घालून कुटलं की त्याला एक नाव, पालक घालून कुटलं की दुसरं, कोबी घालून कुटलं की तिसरं. चवीत फरक नाही, रंगात आहे. पानात त्याचा डोंगर वाढायचा, चमच्यानं वर खड्डा करायचा आणि खड्ड्यात मांसाचा रस ओतायचा. माझ्यासाठी वितळलेलं लोणी. फोडणी नाही, हळद नाही, मिरचीचं तर नाव नाही. मात्र फुलकोबीवर आणि फरसबीवर बाई जायफळ किसून घालत. जायफळ! आमच्याकडे जायफळ श्रीखंडात पडतं, नाहीतर रडक्या पोराला झोपवायला उगाळून चाटवतात. ते फुलकोबीवर खाऊन मला सातच्या आत जांभया येत.

ऑक्टोबरात, त्यांच्या देशात थंडी सुरू झाली असेल या हिशेबानं, त्यांनी सुक्या वाटाण्यांचं सूप केलं. ते इतकं घट्ट हवं की चमचा उभा राहिला पाहिजे. बाईंनी चमचा उभा करून दाखवला आणि तो राहिला. आम्हाला अजून पंखा लागत होता. आम्ही तिघी घाम पुसत सूप खात होतो आणि बाई सांगत होत्या की बर्फावरून घसरत घरी आल्यावर हे सूप किती बरं वाटतं. "बरं वाटतंय," मी म्हटलं.

कधी नुसता पाव. पावावर लोणी, आणि लोण्यावर चॉकलेटची बारीक शेव. ही शेव त्यांना पार्सलनं येई. मोठी माणसं गंभीर चेहऱ्यानं काट्यानं आणि सुरीनं तो पाव कापून खातात, यावर माझा आधी विश्वासच बसला नाही. चीज असेल त्या दिवशी ते सुताराच्या रंध्यासारख्या एका सुरीनं तासायचं. पापुद्रा इतका पातळ की त्यातून समोरची भिंत दिसावी. आणि एकदा त्यांनी मोठ्या प्रेमानं काळ्या गोळ्या दिल्या. ज्येष्ठमधाच्या, म्हणाल्या, आमच्याकडे मुलं यासाठी वेडी होतात. ज्येष्ठमध मला चालतो, म्हणून गोळी तोंडात टाकली आणि एकदम माझ्या नाकात कल्हईवाला शिरला. त्यात नवसागर होता. जो नवसागर तापल्या पातेल्यात टाकून कल्हईवाला कापसानं पुसतो, तो मी चघळत होते. डोळ्यांतून पाणी आलं.

"कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"छान आहे," मी म्हटलं.

लाहोरवालीनं गोळी हातावर काढली, बाईंच्या समोर खिडकीतून बाहेर टाकली आणि म्हणाली, "मैडम, यह तो सज़ा है."

असंच दर बुधवारी चाले. मी सगळं संपवायची आणि छान म्हणायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. ती अर्ध्या पदार्थांना नावं ठेवायची, "नमक किसने चुराया?" विचारायची, आणि नोव्हेंबरपासून तर पर्समधून लोणच्याची बाटली आणायला लागली. मला वाटलं, संपलं हिचं. आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा मारून घेतेय बिचारी. परीक्षकाच्या घरी जाऊन प्रश्नपत्रिकेत चुका काढणारी मुलगी मी कधी पाहिली नव्हती. बाई मात्र तिचं लोणचं चाखून बघत, खोकत, पुन्हा चाखत. कोबीच्या त्या लगद्यात त्यांनी ते कालवून खाल्लं तेव्हा मी मनातल्या मनात त्यांनाही वेड्यात काढलं.

बाईंचा एक नियम मात्र मी शंभर टक्के पाळत असे: ताट चाटून पुसून रिकामं करायचं. एकदा लाहोरवालीनं अर्धा बटाटा टाकला. बाईंनी तो उचलून झाकून ठेवला. उद्या सकाळी तो आपण स्वतः खाऊ, असं सांगितलं. मग अगदी बसचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, की लढाईच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांच्या गावात काहीच उरलं नव्हतं. त्यांनी फुलझाडांचे कांदे उकडून खाल्ले, आणि त्यांची आई तेवढ्यावर जगली नाही. लाहोरवालीनं झाकलेला बटाटा परत मागितला आणि मुकाट्यानं खाल्ला. त्या दिवशी मी 'छान आहे' म्हटलं नाही. एवढी अक्कल मला होती. बिस्किटांचा डबा त्या का मोजून ठेवत तेही कळलं, आणि मागच्या कुचेष्टेबद्दल मला थोडं वाईट वाटलं. थोडंच, कारण पुढच्या बुधवारी पुन्हा फुलकोबी होती.

एक पदार्थ मला खरंच आवडला होता, हेही प्रामाणिकपणे नोंदवते. ताकात सातूसारखं धान्य शिजवून केलेली लापशी, वरून काळसर पाक. तो पाक म्हणजे सरळ सरळ आमची काकवी. आमच्याकडे गुऱ्हाळावर मिळते तीच. पुढे माझी मुलं आजारी पडली की मी ही लापशी करून घालायची. त्या संध्याकाळी मला आणखी वाटीभर हवी होती. बाईंनी विचारलंही. आणि माझ्या तोंडातून, चांगल्या घरची असल्यामुळे, निघालं, "नको नको." भांडं उचलून त्यांनी लाहोरवालीला दिलं. तिला लापशी आवडली नव्हती, पण भूक होती.

संक्रांतीला आम्ही बाईंना जेवायला बोलावलं. ही कल्पना वहिनीची. पाच महिने नणंद फुकट जेवतेय म्हणजे लोक काय म्हणतील! जयपूरची संक्रांत म्हणजे आभाळभर पतंग आणि गच्च्यांवर आरडाओरडा. त्या गोंधळातून बाई सायकलवरून बाराच्या ठोक्याला हजर झाल्या. दादा अजून आंघोळीला जायचा होता. पाट-रांगोळी, उदबत्ती, सगळं थाटात मांडून वहिनीनं गुळपोळी वाढली, वर साजूक तूप. बाईंनी पोळी संपवली. वहिनी दुसरी वाढायला वाकली. बाईंनी "नको, पुरे," म्हटलं. वहिनीनं ते पहिलं 'नको' समजून घेतलं आणि वाढलीच. पान रिकामं करायचं हा बाईंचा धर्म, आणि पाहुण्याचं पान रिकामं दिसलं तर ते यजमानीण मेल्याहून वाईट, हा वहिनीचा. दोघीही आपापल्या धर्माला जागल्या. तिसरी पोळी दादांची म्हणून, चौथी वन्संची म्हणून, पाचवी देवाची म्हणून. गुळपोळी दोन खाल्ल्या तर धडधाकट माणूस दुपारी आडवा होतो. बाईंचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. सहाव्या पोळीला त्यांनी ताटावर दोन्ही हात आडवे धरले. वहिनीनं मोठ्या कौतुकानं बोटांच्या फटीतून पोळी सरकवली.

बाई माझ्याकडे वळल्या. "यांना सांगा, मी पाच वेळा नाही म्हटलं आहे. इथे माझ्या बोलण्यावर कुणाचाच विश्वास नाही का?"

"काय म्हणतायत?" वहिनीनं विचारलं.

"म्हणतायत, जेवण फार छान झालंय," मी सांगितलं.

"मग आणखी एक घ्या म्हणावं," वहिनी म्हणाली.

पुढचे दोन दिवस बाई कॉलेजात आल्या नाहीत. आल्या तेव्हा मी माफी मागायला गेले. रागावल्या नव्हत्या. "तुमच्या वहिनी प्रेमळ आहेत," त्या म्हणाल्या, "पण मी जे बोलले ते त्यांनी ऐकलं नाही. माझ्याकडे तुम्हाला असं कधी होणार नाही. तुम्ही जे म्हणाल ते मी खरं धरते." मी मान डोलावली. ताटात वाढून समोर ठेवलेली सूचना होती ती. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी एम.एस्सी. होते, शहाणी नव्हते. मला त्यात फक्त पोटदुखीची तक्रार दिसली.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवारचं जेवण बंद ठेवून, बाईंनी मला एकटीला बोलावलं. व्हरांड्यात दोन वेताच्या खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर कोरा कागद. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी पत्र जायला हवं. तुमचं शिकवणं चांगलं आहे, इंग्रजी चांगलं आहे, तुम्ही सगळं खाता. आता मला एकच सांगा. तुम्हाला जायचं आहे का?"

सात महिने ज्या प्रश्नासाठी मी कोबी गिळला, तो प्रश्न समोर आला. आणि मी काय म्हणावं? मी खाली बघून पदराचं टोक सरळ केलं आणि म्हटलं, "माझं काय, तुम्हाला योग्य वाटेल तसं करा. तिची गरज जास्त असेल तर तिला पाठवा. माझी काही हरकत नाही."

हे बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. आपण किती शोभून बोललो! आता त्या म्हणतील, छे छे, तुमच्यासारखी दुसरी कोण. मी म्हणेन, तसं नाही हो. त्या म्हणतील, माझा आग्रहच आहे. मग मी नाइलाजानं हो म्हणेन. माझ्या दोन्ही ओळी तयार होत्या, त्यांच्या पहिल्या ओळीची मी वाट बघत होते.

"नक्की?" असंही त्यांनी विचारलं नाही. "बरं," म्हणाल्या, "स्पष्ट सांगितलंत, आभारी आहे." आणि कॉफी आणायला आत गेल्या.

मी घाबरले नाही. मी म्हटलं, उद्या विचारतील. आग्रहाला कधी कधी एक दिवस मध्ये जातो. दुसऱ्या दिवशी मी उगाच तीनदा त्यांच्या खोलीवरून गेले. त्यांनी हात हलवला. गुरुवारी मी त्यांच्या खोलीत शिरून खडू मागितला. त्यांनी खडू दिला. शुक्रवारी त्या सायकलवरून पोस्टाकडे जाताना मला दिसल्या, आणि तेव्हाही, देवाशपथ, माझ्या मनात आलं की त्या उतरतील आणि विचारतील.

सोमवारी लाहोरवाली स्टाफरूममध्ये शिरली आणि माझ्या गळ्यातच पडली. मला कुशीत घेऊन रडली. "तूने मेरे लिए छोड़ दिया! मैडम ने बताया. तू तो देवी है!" बाईंनी तिला विचारलं होतं तेव्हा ती काय म्हणाली होती, तेही तिनं सांगितलं. म्हणाली होती, "हाँ, मुझे जाना है. बहुत जाना है. खाना मुझे आपका पसंद नहीं, अपना मैं ख़ुद बना लूँगी." स्टाफरूममधल्या सगळ्याजणी माझ्या त्यागाकडे ओलावल्या डोळ्यांनी बघायला लागल्या. मी देवीसारखी हसले आणि तास घ्यायला गेले. फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही.

संध्याकाळी बंगल्यावर गेले. बुधवार नव्हता, सहाही वाजले नव्हते. न सांगता त्यांच्याकडे कुणी येत नसे, त्यामुळे बाई दारात चकित होऊन उभ्या राहिल्या. मी आतही गेले नाही.

"मला जायचं होतं," मी म्हटलं.

"पण तुम्ही नाही म्हणालात."

"मी नाही म्हटलं नव्हतं. आमच्याकडे असंच बोलतात. तुम्ही पुन्हा विचारायला हवं होतं!"

"का?" त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. "तुम्ही मोठ्या बाई आहात, शिकलेल्या आहात. तुम्ही उत्तर दिल्यावर पुन्हा विचारायचं म्हणजे तुम्हाला तुमचं मन कळत नाही असं म्हणणं. मी तुमचा अपमान कशाला करू?"

मला भयंकर राग आला होता. राग त्यांच्यावर, लाहोरवालीवर, आईवर, ज्यांनी ज्यांनी मला शोभून बोलायला शिकवलं त्या सगळ्यांवर. मग मी म्हटलं, "आणि तुमचं जेवण मला आवडत नाही. सात महिने आवडलं नाही. फुलकोबीवर जायफळ घालत नाहीत. त्या काळ्या गोळ्या माणसाच्या खायच्या नाहीत. फक्त ताकाची लापशी चांगली होती, आणि ती मला आणखी हवी होती."

बाई पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "हे मला ऑगस्टमध्ये सांगितलं असतंत तर मी तुम्हालाच पाठवलं असतं. तुम्ही नेहमी छान म्हणायचात. मला वाटायचं, या बाईंना कशातच रस नाही." त्यांचे डोळे भरले होते. पत्र गेलं होतं, आणि गेलेलं पत्र परत बोलावण्याची रीत त्यांच्याकडे नव्हती. पुढच्या वर्षी शिष्यवृत्ती दुसऱ्या कॉलेजकडे गेली. बाईही परत गेल्या.

त्या संध्याकाळी मात्र मला चालत बनीपार्कात येईपर्यंत विलक्षण मोकळं वाटत होतं. जागा गेली होती, पण पहिल्यांदाच मनात होतं ते तोंडातून जसंच्या तसं बाहेर पडलं होतं. वाटलं, आता हे जमलं. आता यापुढे हवं ते हवं म्हणायचं आणि नको ते नको. कुणाची भीड बाळगायची नाही.

घरी वहिनी हातात पाकीट घेऊन दारातच उभी होती. कॉलेजातल्या कुणाकडून तरी दादाला आणि दादाकडून तिला परदेशाचं बारगळल्याचं कळलं होतं, आणि तिनं मोठ्या मनानं त्याबद्दल अक्षर काढलं नाही. "वन्सं, इंदूरचं स्थळ," ती म्हणाली. "बँकेत आहे. माणसं फार चांगली आहेत. फोटो तरी बघा."

"मला नको," मी म्हटलं. सरळ, मान वर करून.

"असंच म्हणायचं असतं," वहिनी हसली.

"नाही वहिनी, खरंच नको. मला इतक्यात लग्न करायचंच नाहीये."

"अहो, मी पण म्हटलं होतं तुमच्या दादांना. दोनदा."

"अगं, तू ऐक तरी!" माझा आवाज चढला, आतल्या खोलीतून दादानं डोकावून पाहिलं. "मी नको म्हणतेय. नको म्हणजे नको!"

वहिनीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या डोळ्यांत इतकी माया होती की मला पुढे बोलवेना. "झालं ना आता तीनदा," ती म्हणाली, "रविवारी जेवायलाच येणार आहेत ती माणसं. साडी कोणती नेसाल, हिरवी की जांभळी?"